धाकटीचा कॅमेरा आणि थोरलीचे हात

धाकटी आता साठीला टेकली, तरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. नवरा म्हणतो, शेजारी म्हणतात, ज्या कारखान्यात ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते तिथला मालकही म्हणतो, आणि तो मालक तिच्या मुलाच्या वयाचा आहे. कारण एकच. तिच्या डोक्यावर एक थोरली आहे, आणि ती थोरली अशी, की तिच्या शेजारी कुणीही उभं राहिलं तरी आपोआप धाकटं दिसतं.

थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण, कोट शिवणारी. चौकाच्या कोपऱ्यावर तिचं दुकान होतं, आणि कोट म्हटला की लोक दुसऱ्या दुकानाचं नाव काढत नसत. धाकटीच्या हातात सुई दिली ती तिनेच. शिकवण्याची पद्धत मात्र अशी, की दुसरी कुणी असती तर सुई टाकून पळून गेली असती. शिवलेलं काही पुढे केलं, की थोरली ते आधी उलटं करायची. अस्तर बाहेर काढायची, शिवण नखाने ताणून बघायची. "बाहेरून सगळेच देखणे असतात गं. आतून दाखव," म्हणायची. आतून सगळं ठीक असलं तर एकच शब्द बोलायची, "चालेल." कौतुकाची धाव तिथवरच. पण तेवढं ऐकलं तरी धाकटीचे पाय दिवसभर जमिनीला लागत नसत.

थोरलीची आणखी एक सवय सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. कापड टेबलावर अंथरलं, खडूने रेघ मारली, कात्रीची पाती रेघेवर टेकवली, की ती थांबायची. श्वाससुद्धा रोखायची. मग कात्री चालायची ती थेट शेवटपर्यंत, मध्ये कुठे अडखळणं नाही. धाकटीने लहानपणी विचारलं होतं, "ताई, थांबतेस कशाला?" थोरली म्हणाली होती, "कापायच्या आधी थांबावं. कापल्यावर थांबून काय उपयोग?"

आता कॅमेऱ्याकडे येऊ. धाकटी आणि कॅमेरा यांची गाठ पडली ती एका फजितीमुळे, आणि ही फजिती फक्त शिवणाऱ्या बाईचीच होऊ शकते.

त्या वेळी गावात एक म्हातारे फोटोग्राफर होते. त्यांना सगळे फोटोकाका म्हणत. त्यांच्याकडे जुना लाकडी कॅमेरा होता, तीन पायांच्या घोडीवर उभा राहणारा. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मधे घड्यांचा काळा भाता, पेटीच्या भात्यासारखा. या कॅमेऱ्यात फिल्मचं रीळ नसतं. वहीच्या पानाएवढा फिल्मचा एकेक ताव एका चपट्या होल्डरमध्ये घालून मागून सरकवायचा, आणि एका तावावर एकच फोटो. भाता घड्यांवर फाटला, तेव्हा काका तो घेऊन सीटच्या कारखान्यात आले. इतकं जाड काम दुसरं कोण करणार?

धाकटीने तो भाता आपल्या अंगावर घेतला. उत्तम काळं रेक्झिन निवडलं आणि प्रत्येक घडीवर दुहेरी टीप मारली, इतकी बारीक आणि सरळ, की आपलीच नजर लागेल असं तिला वाटलं. काम झालं त्या दिवशी तिने तो थोरलीलाही दाखवला. थोरलीने आतून बाहेरून पाहिला आणि "चालेल" म्हणाली. मग काय विचारता!

आठवड्याने काकांनी तिला स्टुडिओत बोलावलं. फोटो दाखवले, तर प्रत्येकावर राखाडी धूर पसरलेला. धाकटीला काही कळेना. काकांनी खोलीत अंधार केला, भात्याच्या आत एक छोटा दिवा सोडला आणि बाजूला झाले. भाता चमकायला लागला. सुईने जिथे जिथे भोक पाडलं होतं, तिथून प्रकाशाचा एकेक ठिपका बाहेर येत होता. रांगच्या रांग, दुहेरी, बारीक, सरळ. आयुष्यातली सगळ्यात चांगली टीप, आणि तिनेच सगळं वाटोळं केलेलं.

काका पोट धरून हसले. धाकटी हसली नाही. तिचे कान तापले होते. "उसवू का?" तिने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं. टीप उसवता येते, भोक उसवता येत नाही.

"बाई, याला टीप चालत नाही," काका डोळे पुसत म्हणाले. "याला चिकटवावं लागतं. आणि मनावर घेऊ नका, या दुकानात एवढं सुंदर आकाश आजवर कुणी आणलं नव्हतं."

मनावर घेऊ नका म्हटलं म्हणून धाकटी थोडीच ऐकणार! तिने कानाला खडा लावला आणि नवा भाता पहिल्यापासून केला. दोन पातळ काळी कापडं, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सगळं डिंकाने चिकटवलेलं, एकही टाका नाही. घड्या पाडता पाडता बोटांची सालं निघाली. मग तिने स्वतःच खोलीत अंधार केला, स्वतःच आत दिवा सोडला. काळोख तो काळोखच राहिला. त्या काळोखात उभी राहून धाकटी एकटीच हसली. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातला पहिला अस्सल अभिमान तोच, कारण तो "चालेल"ची वाट न पाहता आला होता.

भाता बसवल्यावर काका म्हणाले, "बघा तरी, कशासाठी एवढं केलंत ते." तिने डोक्यावर काळा कपडा घेतला आणि दुधी काचेत पाहिलं. समोरचा रस्ता तिथे उलटा टांगलेला होता. माणसं डोकं खाली करून चालत होती, सायकलवाला उलटाच घंटी वाजवत गेला, आणि सगळं असं रंगीत, असं जिवंत, की ती कपड्यातून बाहेरच येईना. शेवटी काकांना खाकरावं लागलं.

तिथून ती गेली ती गेलीच. रविवार आला की ती स्टुडिओत. पुढे काकांच्या डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली, तेव्हा त्यांनी कॅमेरा तिच्याच घरी पोचवला. "ज्याने भाता केला त्याच्याकडेच शोभतो," म्हणाले.

आज तिला चालतं फिरतं बघावं. नवरा शाळेची बस चालवतो. सुट्टीच्या दिवशी खांद्यावर घोडी घेऊन तिच्या मागे निघतो. "लग्नात मी घोडीवर होतो," तो भेटेल त्याला सांगतो, "आता घोडी माझ्या खांद्यावर आणि मान तिच्याकडे." ती पाण्याच्या टाकीचा फोटो काढते, बंद पडलेल्या गिरणीचा जिना काढते, बेकरीच्या भट्टीसमोर उभे असलेले दोघे भाऊ काढते. घाई नाहीच. आधी नुसती फिरते. मग घोडी मांडते, काळ्या कपड्यात शिरते, भिंगाची पाटी बोटभर वर उचलते, जराशी झुकवते, बारीक भिंग डोळ्याला लावून काचेवरची एकेक वीट तपासते. बघे कंटाळून निघून जातात. एकदा एक पोरगी म्हणाली, "आजी, एवढ्या वेळात मी दोनशे काढले असते." धाकटी म्हणाली, "मग मी एक काढते, म्हणजे दोनशे एक होतील."

फिल्म धुण्यासाठी घरी बाथरूमच्या खिडकीला कारखान्यातलं उरलेलं रेक्झिन लावलंय. संध्याकाळी दार बंद झालं की नवरा बाहेर स्टूल टाकून बसतो, कुणी दिवा लावू नये म्हणून. आत ठार काळोख. फिल्मच्या कोपऱ्यावर बारीक खाचा असतात, त्या बोटाने चाचपून सुलटी बाजू ओळखायची. कापडाची सुलट उलट अंधारात ओळखणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? रसायनाच्या ट्रेमध्ये ताव हलवताना ती गुणगुणते आणि नवरा बाहेरून सूर चुकल्याचं सांगतो.

सगळं मिळालं होतं, एक सोडून. थोरलीचा फोटो.

झालं असं, की थोरलीच्या हातांना कंप सुटला. आधी उजवा, मग डावा. मांडीवर ठेवलेले हात आपोआप थरथरायचे. कोट टाकायला आलेल्या एका बाईने ते पाहिलं आणि काहीतरी कारण सांगून कापड परत नेलं. त्याच दिवशी थोरलीने कात्री कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. "परक्याचं कापड नासवायचं मला कारण नाही," एवढंच. दुकान उघडायची, बसायची, पण हात शालीखाली. कुणी आलं की शाल आणखी ओढायची. ज्या बाईने जन्मभर लोकांची अस्तरं बाहेर काढून पाहिली, ती आता स्वतःचे दोन हात लपवत होती. धाकटीला हे बघवत नसे.

मागल्या वर्षी तिने हट्टाने थोरलीला कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. या कॅमेऱ्याला घरातल्या उजेडात सेकंदभर तरी डोळा उघडा ठेवावा लागतो. फोटोत चेहरा असा आला, की पापण्या मोजाव्यात. आणि मांडीवर, हातांच्या जागी, नुसतं धुकं. थोरलीने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "हात कुठे गेले माझे?" तिने विचारलं, आणि फोटो पालथा ठेवून दिला. धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यानंतर थोरली कॅमेऱ्यासमोर आली नाही.

आणि आता वेळ संपत आली होती. थोरलीचा मुलगा तिला दूर आपल्याकडे घेऊन जाणार होता. दुकान दुसऱ्या कुणाला दिलं जाणार होतं. टेबल, आरसा, कोटांचे पुतळे, सगळं निघणार होतं. तिथे नव्या गावात थोरलीला कुणी ओळखणार नव्हतं. तिथे ती फक्त शालीखाली हात लपवणारी म्हातारी असणार होती. धाकटीला हे सहन होईना. या दुकानात, या टेबलापाशी, ताई जशी होती तशी एकदा कागदावर यायलाच हवी होती, हातांसकट.

"ताई, एकच," ती म्हणाली.

"मागच्या वेळी काय झालं ते विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच म्हणते."

थोरलीने शाल आणखी घट्ट ओढली. "एकच ताव. बिघडला तर पुन्हा नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

रविवारी सकाळी दुकानात खिडकीतून चांगला, मऊ उजेड येत होता. नवऱ्याने घोडी लावली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. थोरली कापायच्या टेबलामागे खुर्चीत बसली, शाल गळ्यापर्यंत. टेबलावर नुसतं लाकूड दिसू नये म्हणून धाकटीने करड्या कापडाचा एक उरलेला तुकडा अंथरला. मग काळ्या कपड्यात शिरली.

काचेवर ताई उलटी होती. उलटं पाहण्याची एक गंमत असते. आपण माणूस बघत नाही, नुसत्या हालचाली बघतो. चेहरा स्थिर, खुर्ची स्थिर, आरसा स्थिर, आणि काचेच्या वरच्या अंगाला शालीची एकच घडी थरथरत होती, थांबायचं नाव नाही. धाकटीचं मन खचलं. काय करणार होती ती? हात बांधून ठेवणार होती?

तेवढ्यात थोरली करवादली. "अगं, हे काय अंथरलंस? कडेला दोरे लोंबतायत. असं कापड लोकांना दाखवणार?" आणि शालीतून दोन्ही हात बाहेर आले. एकाने टेबलावर पडलेली दोरे कापायची छोटी कात्री उचलली, दुसऱ्याने लोंबणारा दोरा चिमटीत धरला, आणि तो कापला गेला. मग दुसरा. मग तिसरा.

कपड्याखाली धाकटीने श्वास रोखला. काचेवर ते हात स्थिर होते. कात्री खाली ठेवली, हात शालीखाली गेले, आणि घडीची थरथर परत आली. तिने डोळे चोळले. गेली दोन वर्षं सगळे जण थोरलीचे रिकामे हात बघत आले होते. कामातले हात कुणी पाहिलेच नव्हते, कारण थोरलीने कामच बंद केलं होतं. आजार होता तो होताच, काही कुठे गेला नव्हता. पण हाताला काम मिळालं की तो जरा बाजूला सरत होता.

ती कपड्यातून बाहेर आली. तिला काहीतरी ओरडून सांगायचं होतं, पण तिने जीभ चावली. सांगितलं असतं तर ताई हातांकडेच बघत बसली असती.

"खरंच गं, कड अगदीच वाईट आहे," ती म्हणाली. "सरळ कापून देतेस का? मोठी कात्री कुठे ठेवलीस?"

"कपाटात आहे."

नवऱ्याने ती आणून दिली. थोरलीने एकदा धाकटीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग, बहुधा त्या वाकड्या कडेचाच राग अनावर होऊन, शाल खांद्यावरून मागे टाकली. उभी राहिली. खडूने रेघ मारली. रेघ ठीक आली.

तोवर धाकटीची घाई उडाली होती, आणि या कॅमेऱ्यात घाई चालत नाही. हात जवळ आणि खाली, चेहरा लांब आणि वर. दोन्ही स्वच्छ यायचे तर भिंग पुढे झुकवायलाच हवं. तिने ते झुकवलं, बारीक भिंगातून खडूची रेघ पाहिली, मग ताईच्या भुवया पाहिल्या. कॅमेऱ्याचं शटर मिटलं. होल्डर सरकवला. झाकणाची पट्टी उपसली. आता काच झाकली गेली होती. या कॅमेऱ्याची हीच तर खरी गोष्ट, फोटो काढायच्या क्षणी फोटोग्राफरला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. तो बाजूला उभा राहतो आणि समोरच्या माणसाकडे साध्या डोळ्यांनी बघतो. धाकटीच्या हातात शटरची वायर होती आणि समोर तिची ताई होती.

थोरलीने कात्रीची पाती रेघेवर टेकवली.

आणि थांबली.

हा थांबा धाकटीला आईच्या आवाजाइतका ओळखीचा होता. या थांब्यासमोर ती लहानाची मोठी झाली होती. दुसऱ्या कुठल्या फोटोग्राफरला तो कधी सापडला नसता. तिने वायर दाबली. शटर उघडलं, सेकंदभर उघडंच राहिलं, आणि मिटलं.

कात्री चालली, थेट शेवटपर्यंत.

थोरलीने कापलेली पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली. मग कात्री धरलेल्या हाताकडे पाहिलं. "झालं का तुझं?" एवढंच विचारलं, आणि शाल पुन्हा ओढून घेतली.

त्या संध्याकाळी धाकटीने ट्रेमध्ये ताव हलवला तेव्हा गुणगुणली नाही. नवरा बाहेरून म्हणाला, "आज गाणं नाही?" आतून नुसता पाण्याचा आवाज आला. शेवटच्या ट्रेमधून ताव धुऊन झाल्यावर तिने दिवा लावला आणि ओली फिल्म उजेडासमोर धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. बारीक भिंग लावून आधी चेहरा पाहिला नाही. हात पाहिले. बोटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. अंगठ्याचं नख, कात्रीचा स्क्रू, खडूची भुकटी, सगळं दिसत होतं.

ती दार उघडून बाहेर आली. डोळे भरलेले. नवरा घाबरून स्टुलावरून उठला.

"बिघडला?"

"अहो," ती म्हणाली, "आज मला कुणी धाकटी म्हणू नका."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आणि का चढू नये? भाता तिचा, अंधार तिचा, नजर तिची. मी सांगतो, असा अभिमान वाटण्याचा हक्क फार थोड्या लोकांना असतो, आणि ज्यांना असतो ते बहुतेक वेळा लाजून गप्प बसतात. धाकटी गप्प बसली नाही. तिने त्या रात्री नवऱ्याला तीच फिल्म इतक्या वेळा दाखवली, की तो शेवटी पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला.

निघायच्या दिवशी दुकान अर्धं रिकामं झालं होतं. मुलगा बाहेर गाडीत सामान लावत होता. दुकान घेणारा गृहस्थ मापाची टेप घेऊन भिंती मोजत होता. धाकटीने पाकिटातून फोटो काढून ताईपुढे धरला.

थोरलीने तो घेतला, आणि आधी उलटा केला. मागे कोरा पांढरा कागद. तिने त्यावरून नख फिरवलं, कडा बघितल्या, कोपरे बघितले. जन्माची सवय, ती फोटोला तरी कशी सोडणार? मग सुलटा केला आणि खिडकीशी गेली.

फोटोत ती होती. शाल नाही, कणा सरळ, ओठ मिटलेले, नजर रेघेवर. आणि हात. दोन्ही.

धाकटी ताईच्या तोंडाकडे बघत होती. ती "चालेल"ची वाट बघत होती, दुसरं काही मागायची तिची सवयच नव्हती.

थोरली "चालेल" म्हणाली नाही. ती वळली आणि दुकान घेणाऱ्या गृहस्थाकडे गेली. शाल खांद्यावरून खाली सरकली, तिने ती सावरली नाही. दोन्ही हातांनी तिने फोटो त्याच्यापुढे धरला. हात थरथरत होते, त्यामुळे कागद फडफडत होता, आणि त्या गृहस्थाला तो नीट दिसावा म्हणून वाकावं लागलं.

"हे माझे हात," थोरली म्हणाली. "आणि ही माझी बहीण. फोटोग्राफर आहे."